डबल फुलांच्या मार्जरीबाई

मैत्रिणींनो, डबल मोगऱ्याचं बी कुणी पेरल्याचं कधी ऐकलंय? नाही ना! झेंडूचं बी आपण वाळवून पुरचुंडीत बांधून ठेवतो, गुलबक्षीचं काळं मिऱ्यासारखं बी पोरं खिशात घेऊन फिरतात, सदाफुली तर न पेरताच नालीच्या काठी उगवते. पण बटमोगरा? तो येतो कुणाच्या तरी अंगणातून. नणंदेच्या घरून एक फांदी, शेजारच्या काकूंकडून एक मुळी असलेला फुटवा. चोरून आणलेलं रोप जास्त फुलतं म्हणून कुणी भिंतीवरून हातही घालतं. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, कुठंही जुन्या घराच्या दारात डबल तगर दिसली की समजायचं, ती बाजारातून नाही, माणसातून आलेली आहे.

असं का होतं, ते पाहायचं असेल तर जास्वंदीची दोन फुलं शेजारी ठेवा. साध्या लाल जास्वंदीच्या मधोमध पिवळ्या परागांची लांब दांडी असते. डबल जास्वंदीत त्या दांडीवरच्या परागांच्या जागी पाकळ्याच पाकळ्या झालेल्या दिसतील. म्हणजे फूल भरगच्च झालं, पण बी धरायला जे लागतं तेच पाकळीत खर्ची पडलं. बऱ्याच डबल फुलांची हीच कथा. दिसायला राजेशाही, पण वंश चालवायला माणसाचा हात लागतो. तो हात एकदा सुटला की ती जात संपली. पुन्हा कुठून आणणार?

या एका गोष्टीपायी आयुष्याची शेवटची वीस-बावीस वर्षं मातीत गुडघे टेकून काढणारी एक बाई इंग्लंडमध्ये होऊन गेली. तिचं नाव मार्जरी फिश. (हो, फिश म्हणजे मासाच, पण ते सासरचं आडनाव.) बागकामाची आवड असलेल्या इंग्रज घरांत हे नाव आजही माहीत असतं. आपल्याकडे मात्र फारसं कुणी सांगितलेलं नाही.

मार्जरीबाईंचा जन्म १८९२ सालचा, लंडनचा. माहेरचं आडनाव टाउनशेंड. शिक्षण झाल्यावर त्या सेक्रेटरीचं काम शिकल्या आणि फ्लीट स्ट्रीटवर नोकरीला लागल्या. फ्लीट स्ट्रीट म्हणजे लंडनमधली वर्तमानपत्रांची गल्ली. तिथे त्यांनी थोडीथोडकी नाही, वीस वर्षं काढली. डेली मेल या तेव्हाच्या दणदणीत खपाच्या दैनिकाचे मालक लॉर्ड नॉर्थक्लिफ यांच्याकडे त्या काम करत. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७ मध्ये, नॉर्थक्लिफ सरकारी कामगिरीवर अमेरिकेला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर गेलेल्या मंडळींत मार्जरीबाई होत्या. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या तो काळ. पंचविशीतल्या मुलीनं त्या समुद्रातून जायचं म्हणजे काय ते कल्पनेनंच समजून घ्यावं. या कामाबद्दल त्यांना एमबीई हा सरकारी किताब मिळाला.

सांगायचं काय, तर ही बाई अजागळ नव्हती, घरबशी नव्हती, आणि मुख्य म्हणजे माळीणही नव्हती. टाइपरायटर, टेलिफोन, साहेबांच्या वेळा यात त्यांचं तरुणपण गेलं. १९३३ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्यांनी वॉल्टर फिश यांच्याशी लग्न केलं. वॉल्टरसाहेब डेली मेलचे संपादक राहिलेले, वयानं बरेच मोठे, निवृत्त, आणि स्वभावानं शेवटपर्यंत संपादकच!

१९३७ साल उजाडलं. आता दुसरी लढाई होणार, हे वॉल्टरना वर्तमानपत्रातल्या अनुभवावरून कळून चुकलं होतं. लंडन सोडून खेड्यात घर घ्यायचं ठरलं. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेट नावाचा परगणा आहे, तिथे ईस्ट लॅम्ब्रुक या छोट्या गावात एक जुनाट दगडी घर विकाऊ होतं. पंधराव्या शतकातलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वॉल्टरनी नाक मुरडलं. काही महिने इकडेतिकडे घरं पाहून झाल्यावर पुन्हा तिथेच आले आणि घेऊन टाकलं. घराभोवतीची जागा कशी होती म्हणाल, तर मोडक्या खाटा, गंजलेले स्टोव्ह, डबे, बाटल्या आणि माजलेली झुडपं. आपल्याकडे पडक्या वाड्याच्या मागच्या अंगणात जे जे सापडतं ते सगळं.

मार्जरीबाई तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. तोवर त्यांनी बाग अशी केलेलीच नव्हती.

आता इथून पुढची गंमत कुठल्याही संसारी बाईला सांगावी लागणार नाही. बाग दोघांची, पण कल्पना दोन. वॉल्टरसाहेबांना बाग म्हणजे हिरवळ, कापलेली कुंपणं, स्वच्छ वाटा, आणि उन्हाळ्यात सगळ्यांच्या डोळ्यांत भरतील अशी मोठी फुलं हवी. डेलिया त्यांचा जीव की प्राण. मार्जरीबाईंचा जीव मात्र लहानसहान, कोपऱ्यात दडून फुलणाऱ्या रोपांत. साहेब डेलियाला शेणखत घालायला निघाले की इतक्या सढळ हातानं घालत, की खाली बाईंनी जपून लावलेली नाजूक रोपं गाडली जात. फरशीच्या वाटेत, दोन दगडांच्या सांध्यांत छोटी रोपं लावावीत असं बाईंना फार वाटे. साहेबांना वाट म्हणजे वाट, तिथे गवताची काडीही खपायची नाही.

पण वॉल्टरना खलनायक करायचं कारण नाही, हं. बागेला आधी चौकट लागते, भिंत, कुंपण, वाट नीट असेल तर बाग बारा महिने बरी दिसते, हे त्यांनीच बाईंना शिकवलं. रोपाला आधाराची काठी वेळेवर द्यायची, लावण्याआधी जमीन तयार करायची, फुललेलं संपलं की लगेच छाटायचं, हीसुद्धा त्यांचीच शिस्त. मार्जरीबाईंनी पुढे लिहिलेल्या पहिल्या पुस्तकात नवऱ्याच्या हेकेखोरपणाच्या गोष्टी भरपूर आहेत, आणि त्याच्याकडून काय मिळालं याची नोंदही तितक्याच मोकळेपणानं आहे. वाचताना हसू येतं. मधेच आपल्याच घरातलं कुणीतरी आठवतं.

१९४७ च्या डिसेंबरमध्ये वॉल्टर गेले. बाईंचं वय पंचावन्न. मूलबाळ नाही. एवढं मोठं जुनं घर, जवळपास दोन एकर जागा, आणि एकटी बाई. लढाई संपून दोन वर्षं झाली होती, इंग्लंडमध्ये तेव्हा रेशन चालू होतं, कामाला माणसं मिळत नव्हती. अशा वेळी घर विकून शहरात दोन खोल्यांत राहणं हा सरळ मार्ग होता. बाई तिथेच राहिल्या. आणि पहिल्यांदाच बाग त्यांच्या एकटीच्या मनासारखी होऊ लागली. वाटेच्या फरशीतले सांधे मोकळे झाले, त्यांत इवलीइवली रोपं जाऊन बसली.

घर आणि फळबागेच्या मध्ये एक खोलगट नाली होती, पावसाचं पाणी वाहून नेणारी. दुसऱ्या कुणी ती बुजवली असती. बाईंनी तिचे काठ दगडांनी बांधून घेतले, वर विलोची छाटलेली झाडं सावलीला होतीच, आणि त्या ओलसर, सावलीच्या उतारावर त्यांनी रानातली फुलं आणून वसवली. त्यांच्या बागेचा हा भाग पुढे सगळ्यात प्रसिद्ध झाला. नाव मात्र साधंच राहिलं, द डिच. म्हणजे नालीच!

रानातली फुलं म्हणजे कोणती, ते जरा सांगते, कारण तिथलं रान आणि आपलं रान यांचा हिशेब उलटा आहे. आपल्या काटेपूर्णेच्या किंवा कारंजा-सोहोळच्या रानात उन्हाळ्याच्या तोंडी पानं गळतात, पळस पेटतो, पण जमीन कोरडी ठक्क असते. जमिनीलगतची फुलं, कळलावी म्हणा, काळी मुसळी म्हणा, पाऊस पडल्यावरच. इंग्लंडात हिवाळ्यात झाडं उघडी होतात आणि जमीन ओली असते. मग फेब्रुवारी ते एप्रिल, झाडांना नवी पानं फुटून सावली दाटायच्या आत, खालची लहान झाडं घाईघाईनं फुलून घेतात. स्नोड्रॉप तर बर्फातून डोकं वर काढतं. त्यामागून प्रिमरोज येतं. जमिनीलगत मुळ्याच्या कोवळ्या पानांसारखी सुरकुतलेली पानं, आणि मधे फिक्या पिवळ्या रंगाची, पाच पाकळ्यांची, रुपयाच्या नाण्याएवढी फुलं. तिथल्या लोकांना प्रिमरोज म्हणजे आपल्याला पारिजातक. अगदी घरचं.

या साध्या प्रिमरोजमध्ये कधीतरी, हजारो रोपांत एखादं, आपसूक डबल फुलाचं निघतं. छोट्या बटण शेवंतीसारखं किंवा इवल्याशा गुलाबासारखं. कुणाच्या तरी नजरेला ते पडतं, ते उकरून घरी आणलं जातं. पांढऱ्या डबल प्रिमरोजचं चित्र जॉन जेरार्ड यांच्या १५९७ च्या वनस्पतिग्रंथात आहे. आपल्या शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही तीसेक वर्षं आधीची गोष्ट! तेव्हापासून ही फुलं बागांमधून फिरत होती. जांभळट लिलॅक रंगाचं एक होतं, त्याला क्वेकर्स बॉनेट म्हणत. गडद मखमली लाल रंगाचं मादाम द पोंपादूर हे तर दंतकथाच होऊन बसलं होतं, इतकं नाजूक आणि इतकं दुर्मीळ. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या कॉकर बंधूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डबल फुलांची एक मालिकाच काढली, तिला बॉन अ‍ॅकॉर्ड असं नाव दिलं.

मग ही फुलं गेली कुठे? तर युद्धांनी नेली. मोठमोठ्या हवेल्यांत डझनांनी माळी असायचे. ते १९१४ ला लढायला गेले, त्यातले कित्येक परत आलेच नाहीत. डबल प्रिमरोजची एक खोड आहे. आपल्या शेवंतीसारखं त्याचं. गड्डा दर वर्षा-दोन वर्षांनी उकरून, फुटवे वेगळे करून, नव्या खतावलेल्या जागी लावला नाही, तर रोप हळूहळू खंगत जातं. साधं प्रिमरोज दुर्लक्ष झालं तरी बी टाकून जगतं. डबलला ती सोय नाही. हातच नाहीसे झाले तेव्हा एकेक जात मुकाट्यानं संपली. त्याची कुणी बातमीही केली नाही.

मार्जरीबाईंचं मोठेपण मला इथे वाटतं. त्यांनी हे ओळखलं की हवेल्यांत जे मेलं ते गरिबांच्या दारात जगलेलं असेल. मजूर, लोहार, विधवा बायका यांच्या झोपडीवजा घरांपुढे हातभर बागा असत. तिथे कुणी फॅशन बदलली म्हणून रोप उपटून फेकत नव्हतं. आजीनं लावलं म्हणून नातीनं राखलं, फुटवा शेजारणीला दिला, तिनं तिच्या लेकीला. नाव कुणाला माहीत नाही, पण झाड शंभर वर्षं जुनं! बाई अशा दारांमध्ये जाऊन उभ्या राहत, गप्पा मारत, फुटवा मागत, आणि बदल्यात आपल्याकडचं काहीतरी देत. ओळखी वाढल्या. पत्रं येऊ लागली, पोस्टानं ओल्या शेवाळात गुंडाळलेली रोपं येऊ लागली. आयर्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या ओल्या हवेत डबल प्रिमरोज जास्त टिकलेली होती. तिथल्या हौशी लोकांची या कामी मोठी मदत होई.

गोळा करणं सोपं, राखणं अवघड. लॅम्ब्रुकची माती चिकण आणि चुनखडीची. पावसात चिखल, उन्हात दगड. हे वाचताना मला आपल्या काळ्या जमिनीची आठवण झाली, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ती. पण चिकण माती ओल धरून ठेवते, आणि प्रिमरोजला नेमकी तीच हवी. बाई त्यात कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळत. फुलं संपली की गड्डे उकरायचे, मुळं मोकळी करायची, एकाचे चार करायचे, सावलीत लावायचे आणि उन्हाळाभर पाण्याला चुकायचं नाही. ऐकायला दोन ओळी, पण अशी शेकडो रोपं, आणि साठीच्या घरातली बाई. थंडीत, ओल्या मातीत, गुडघ्यांवर.

प्रिमरोजवर त्या थांबल्या नाहीत. डबल डेझी, डबल फुलांची जुनी कुरणातली झाडं, आणि स्नोड्रॉप. स्नोड्रॉपचं साधं फूल म्हणजे खाली मान घातलेले पांढरे तीन थेंब. डबलमध्ये आतून परकराला झालर लावावी तशा हिरव्या काठाच्या पाकळ्या. त्याच काळात नॉरिचजवळच्या ब्रंडल इथे हेरिक ग्रेटोरेक्स नावाचे गृहस्थ डबल स्नोड्रॉपचे नवे वाण तयार करत होते आणि त्यांतल्या बऱ्याच वाणांना शेक्सपिअरच्या नायिकांची नावं देत होते. ओफेलिया, डेस्डिमोना, कॉर्डेलिया, टिटानिया. इथे एक बारीक गोष्ट आहे. डबल स्नोड्रॉप स्वतः बी धरत नाही, पण त्यात कधी कधी थोडेसे पराग शिल्लक राहिलेले असतात. ते दुसऱ्या जातीच्या साध्या फुलावर लावले की नव्या पिढीत डबल फुलं मिळतात. म्हणजे आईपण हुकलं तरी बापपण थोडं उरलेलं.

आणखी एक सांगून टाकते, नाहीतर एकांगी होईल. डबल फुलाचा मधमाशीला उपयोग जवळजवळ नसतो. पराग नाहीत, पाकळ्यांच्या गर्दीत मधापर्यंत पोचता येत नाही. म्हणून सगळी बाग डबल फुलांनी भरणं काही शहाणपणाचं नाही. मार्जरीबाईंच्या बागेत तशी ती नव्हतीच. साधी फुलं भरपूर, मधे मधे ही लाडकी.

बाईंच्या बागेची चर्चा हळूहळू गावाबाहेर गेली. बागकामाच्या साप्ताहिकांतून त्या लिहू लागल्या, रेडिओवर बोलू लागल्या. १९५६ मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्यांचं पहिलं पुस्तक आलं, वुई मेड अ गार्डन. वॉल्टर आणि त्या, दोघांच्या बागेची कहाणी. १९६१ मध्ये आलेलं कॉटेज गार्डन फ्लॉवर्स हे त्या गरिबांच्या दारातल्या फुलांचं पुस्तक. १९६४ मध्ये सावलीतल्या बागेवर एक पुस्तक लिहिलं. भाषा अगदी शेजारणीशी बोलावी तशी. त्यामुळे झालं असं, की बागकाम हा आपला विषय नाही असं समजणाऱ्या, नोकर-माळी नसलेल्या मध्यमवर्गी बायकांना वाटलं, हे आपल्याला जमेल. लढाईनंतरच्या इंग्लंडात लहान घर, लहान अंगण, स्वतःचे दोन हात एवढंच लोकांकडे होतं. अशा घरांसाठी बाग कशी असावी हे ज्यांनी दाखवलं, त्यांत त्यांचं नाव अगदी वरचं आहे.

घराशेजारीच त्यांनी रोपवाटिका काढली. रोपं विकली जात आणि खूपशी नुसती दिलीही जात. यात त्यांचा एक रोखठोक हिशेब होता. दुर्मीळ रोप एकट्याच्या बागेत ठेवलं तर एका कडक हिवाळ्यात, एका किडीत ते संपतं. दहा घरी दिलेलं असेल तर आपलं गेलं तरी मागून आणता येतं. आपल्याकडे काही बायका झाड मागितलं की तोंड फिरवतात, दिलं तर आपल्या झाडाचं फुलणं कमी होतं म्हणतात. डबल फुलांच्या बाबतीत तरी हे अगदी उलट आहे.

त्यांच्या बागेतून निघालेल्या आणि त्या गावाचं नाव लागलेल्या रोपांपैकी एक सांगते. लॅम्ब्रुक सिल्व्हर. चंदेरी पानांचं हे झाड आपल्या दवण्याच्या कुळातलं आहे, म्हणजे ज्योतिबाला वाहतात त्या दवण्याचं दूरचं भावंड. रोपवाटिकांच्या यादीत ते आजही दिसतं. एका स्नोड्रॉपला आणि एका अ‍ॅस्ट्रॅन्शियाला बाईंचं स्वतःचं नाव आहे.

२४ मार्च १९६९ ला मार्जरीबाई गेल्या. वय शहात्तर. मार्च, म्हणजे नालीच्या काठावर प्रिमरोज फुलायचे दिवस. घर आणि बाग पुतण्या-भाच्यांच्या पिढीकडे गेली, पुढे मालक बदलले. १९९२ मध्ये इंग्लंडच्या ऐतिहासिक बागांच्या यादीत तिला पहिल्या श्रेणीचा दर्जा मिळाला. राजेरजवाड्यांच्या बागांच्या रांगेत एका सेक्रेटरी बाईची दोन एकर जागा!

पण बागेला दर्जा मिळणं वेगळं आणि फुलं जगणं वेगळं. जुन्या डबल प्रिमरोजना पुढे विषाणूरोगानं पछाडलं. फुटव्यातून रोप वाढवलं की आईचा रोग लेकीत जातो, हा या पद्धतीचा मोठा दोष. कित्येक जुनी नावं पुन्हा गेली. ती फुलं सावरली दोन वाटांनी, आणि त्यातली एक पुन्हा एका बाईचीच आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात फ्लोरेन्स बेलिस नावाच्या पियानो वाजवणाऱ्या बाई १९३० च्या दशकातल्या मंदीत हलाखीत सापडल्या, एका जुन्या गोठ्यात राहू लागल्या, आणि होत्या नव्हत्या पैशांतून प्रिमरोजच्या बियांची पाकिटं मागवली. एकेका फुलावर हातानं पराग लावत त्यांनी आयुष्य घालवलं. डबल फुलांचे उरलेसुरले पराग साध्या फुलावर लावले, तर पहिल्या पिढीत सगळी साधीच फुलं निघतात. ती आपसात लावली, की दुसऱ्या पिढीत कुठे डबल दिसतं. नातवाला आज्याचं नाक यावं तसं. अशी पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत करून त्यांनी डबल प्रिमरोज बियांतून उगवून दाखवलं. १९६६ मध्ये त्यांनी आपलं बियाणं इंग्लंडला एका जोडप्याकडे पाठवून दिलं आणि त्या निवृत्त झाल्या. दुसरी वाट प्रयोगशाळेची, टिश्यू कल्चरची. जळगावची केळी आपल्याला त्यामुळेच माहीत आहेत. १९८० नंतर निरोगी पेशींपासून हजारो रोपं बाटलीत वाढवून जुनी डबल प्रिमरोज पुन्हा बाजारात आली. मार्जरीबाईंसारख्यांनी मधली वर्षं चार रोपं जिवंत ठेवली नसती, तर बाटलीत घालायला पेशी तरी कुठून आणल्या असत्या!

आपल्या वाशीम जिल्ह्याकडे वळायचं तर सध्या जुनी घरं पाडून स्लॅबची घरं होताहेत. अंगणात पेव्हर ब्लॉक, गाडी लावायला कोबा. चिखल नको, झाडझूड नको, साप-विंचू नको, हे सगळं पटतं. पण त्यात दाराजवळची डबल तगर, विहिरीजवळचा बटमोगरा, तुळशीमागची डबल चांदणी आधी जाते. नर्सरीत मोगरा मिळतो, पण तुमच्या सासूबाईंच्या सासूबाईंनी लावलेला तोच मिळेल असं नाही. घर पाडायला काढण्याआधी एक काम करून ठेवता येतं.

पावसाळा लागला की मोगऱ्याची खालची, जमिनीकडे झुकलेली एक फांदी निवडा. फार कोवळी नको, फार जुनाट नको. तिच्या मधल्या पेराखाली सालीला चाकूनं हलकी चीर द्या. शेजारी माती आणि शेणखत भरलेली कुंडी ठेवून तो चिरलेला भाग मातीत वाकवून दाबा, वर एक दगड ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. माती ओली ठेवा. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात, मग आईकडची फांदी कापायची. दाब कलम म्हणतात ते हेच. अशी दोन कलमं करा. एक आपल्याकडे ठेवा आणि दुसरं मुद्दाम दुसऱ्या गल्लीतल्या घरी द्या. मे महिन्यात आपण आठ दिवस लग्नाला बाहेरगावी जातो, पाणी घालायला सांगितलेलं पोरगं विसरतं, आणि आल्यावर कुंडीत नुसत्या काड्या दिसतात. तेव्हा त्या घरी जाऊन मागता येतं.